चार फुटांवर कापलेलं घर

भाऊ, नमस्कार.

दारव्ह्याजवळच्या गावातून तुम्ही पाठवलेलं पत्र आणि मुलीने काढलेला घराचा नकाशा, दोन्ही समोर ठेवून लिहितोय. मुलगी दहावीला, गणित चांगलं, वहीच्या मागच्या पानांवर घरं काढत बसते. मेहुणे म्हणतात तीन महिन्यांचा ऑटोकॅडचा, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे काढायचा क्लास लावा, शाळेतले सर म्हणतात आर्किटेक्ट करा. आणि तुम्ही विचारता, यात पोट भरेल का?

आधी नकाशाचं बोलू. सपरी, दोन खोल्या, गोठा, मागची सांदवाडी, सगळं जागच्या जागी आहे. पण तिने छपरावरचे कवेलूही काढलेत आणि दारं उभी, कडीकोयंड्यासकट. म्हणजे एकाच कागदावर ती घर आभाळातूनही पाहते आणि अंगणातूनही. प्लॅन काढताना जमिनीपासून साधारण चार फुटांवर, खिडकीच्या उंचीला, घर आडवं कापलंय असं धरायचं, वरचा भाग उचलून बाजूला ठेवायचा आणि खाली पाहायचं. कापली गेलेली भिंत जाड रेघेत, खालचा ओटा बारीक रेघेत, डोक्यावरचा माळा तुटक रेघेत. कवेलू छताच्या वेगळ्या नकाशात जातात.

दुसरं म्हणजे, दोन खोल्यांच्या लांबीची बेरीज बाहेरून मोजलेल्या लांबीपेक्षा साडेचार फुटांनी कमी भरते. तिने भिंती एकेका रेघेच्या काढल्यात. तुमच्या मातीच्या भिंती दीड-दीड फूट जाड असणार, आणि त्या ओळीत भिंती तीन. झाला हिशेब! मला पोरगी आवडली ती इथेच. आकडे जुळत नव्हते, तरी तिने ते ओढूनताणून जुळवले नाहीत.

क्लासचे पैसे सध्या राहू द्या. कॉम्प्युटर रेघ सरळ मारून देतो, ती कुठे आणि का मारायची हे आपल्यालाच ठाऊक असावं लागतं. दहावीनंतर आयटीआयचा ड्राफ्ट्समन सिव्हिल २ वर्षांचा, पॉलिटेक्निकचा सिव्हिल डिप्लोमा ३ वर्षांचा. डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश घेता येतो. आर्किटेक्ट व्हायचं तर अकरावी-बारावी सायन्स, गणित घेऊन, मग प्रवेश परीक्षा आणि पुढे ५ वर्षं. नागपूरला व्हीएनआयटी या केंद्र सरकारच्या इंजिनिअरिंग संस्थेत हा कोर्स आहे, तिथे जेईई मेन या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेचा आर्किटेक्चरचा पेपर लागतो. घर कापसावर चालतं असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून माझं मत डिप्लोमाकडे झुकतं. तीन वर्षांत हाताला काम लागण्याजोगं शिक्षण होतं आणि पुढची वाटही बंद होत नाही.

तोवर एक करा. गवंड्याकडून मोठा टेप मागून आणा आणि दुसरं टोक तुम्ही धरा. मातीच्या खोल्या क्वचितच काटकोनात असतात, म्हणून प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण तिला मोजू द्या. मग १:५० च्या प्रमाणात, म्हणजे एका मीटरला दोन सेंटिमीटर धरून, भिंतींच्या जाडीसकट नवा नकाशा काढून मला पाठवा. कर्णांचे आकडे जसे येतील तसेच लिहायला सांगा.