समुद्रातला चकवा : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात 'ट्रँगल' या २००९ च्या हॉरर सिनेमावर अर्धं पान लिहिलं होतं, वाटलं दोनचार जण बघतील. पण प्रश्नांचा ढीगच आला राव! निम्म्या लोकांचं म्हणणं एकच, बघितला पण कळला नाही. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: फ्लोरिडात राहणारी जेस नावाची एकटी आई, तिला टॉमी नावाचा ऑटिस्टिक मुलगा. एका शनिवारी ती मित्रांबरोबर (ग्रेग, व्हिक्टर, सॅली वगैरे) यॉटवर फिरायला जाते, वारा अचानक पडतो, मग भयंकर वादळ, यॉट उलटते, आणि समोरून एक जुनं मोठं प्रवासी जहाज येतं. त्यावर चिटपाखरू नाही. पुढे सगळे स्पॉयलर आहेत, पाहायचा असेल तर पान उलटा, नंतर शिव्या घालू नका.

प्रश्न : मी तीनदा पाहिला तरी जहाजावर एका वेळी किती जेस असतात हे कळत नाही. प्लीज सोपं करून सांगा. (एक वाचक, नाशिक)

तीन. मी पण पोरीच्या वहीच्या मागच्या पानावर तीन रंगांच्या स्केचपेननी काढलं तेव्हाच डोक्यात शिरलं, त्यामुळे लाजायचं काही कारण नाही.

पहिली जेस म्हणजे नुकतीच चढलेली. तिला काही माहीत नाही, फक्त हे सगळं आधी पाहिलंय असं वाटत राहतं, आणि कॉरिडॉरमध्ये चक्क स्वतःच्या किल्ल्या सापडतात. मग तोंडावर गोणपाट घातलेलं कुणीतरी एकेकाला मारतं, शेवटी जेस त्या माणसाशी झटापट करते आणि तो समुद्रात पडतो. पडायच्या आधी तो, म्हणजे ती, बजावते की घरी जायचं असेल तर सगळ्यांना मारावं लागेल. हुश्श म्हणायला जावं तर खाली पाण्यातून हाका येतात, जेस कठड्यावरून वाकून बघते तर उलटलेल्या यॉटवर तेच सगळे मित्र आणि त्यांच्यात ती स्वतः!

इथून ती दुसरी जेस झाली. आता तिला वाटतं की आपल्याला माहितीय ना काय होणार, मग आपण वाचवू सगळ्यांना. आणि वाचवायला जाते तेव्हाच व्हिक्टरचं डोकं तिच्याच हातून भिंतीतल्या हुकात घुसतं, म्हणजे मघाशी जो रक्तबंबाळ व्हिक्टर पहिल्या जेसचा गळा धरायला आला होता ना, तो का आला होता ते आता कळतं. वाचवायचे सगळे प्रयत्न फसले की ती ठरवते, सगळे मेले की नवीन फेरी सुरू होते, मग सगळ्यांना संपवू म्हणजे यॉट परत येईल आणि आपण तीत बसून घरी जाऊ. गोणपाट चढवते. ही तिसरी. आणि हिला समुद्रात ढकलणारी कोण, तर नव्याने चढलेली पहिली.

म्हणजे एकीची सुरुवात, दुसरीचा मधला भाग आणि तिसरीचा शेवट एकाच वेळी एकाच जहाजावर चालू असतो. तीन बायका नाहीत, एकाच बाईची तीन वयं म्हणा हवं तर, काही तासांच्या अंतराने.

प्रश्न : टाइम लूपमध्ये, म्हणजे तीच वेळ परत परत येते तेव्हा, सगळं रिसेट होतं ना? मग लॉकेटचा ढीग आणि त्या मेलेल्या मुलीचा ढीग कुठून आला? (कॉलेजकुमार, पुणे)

हाच तर या सिनेमाचा खरा दणका आहे मित्रा. नेहमीच्या लूपवाल्या सिनेमात अलार्म वाजतो, दिवस पाटी पुसल्यासारखा कोरा होतो, हिरोची फक्त आठवण शिल्लक राहते. इथे बरोबर उलटं. पाटी पुसतच नाही कुणी, वरच्यावर लिहीत जातात.

तो लॉकेटचा सीन परत बघ. जेसच्या गळ्यात टॉमीच्या फोटोचं लॉकेट असतं, ते तुटून जाळीतून खाली पडतं, ती डोकावून बघते तर खाली तसलीच लॉकेटं पडलेली, एकावर एक. कागदाच्या चिठ्ठ्या पण तशाच, सगळ्या एकाच अक्षरात आणि ते अक्षर हिचंच. मी तिथे पॉज करून मोजायला बसलो होतो, नंतर नाद सोडला. मग वरच्या डेकवर सॅली मरायला टेकलेली असते, जेस तिच्यामागे जाते, कॅमेरा हळूच बाजूला सरकतो आणि आजूबाजूला सगळ्या सॅलीच सॅली. तेच कपडे, तीच पडण्याची ढब, सीगल टोचा मारतायत. रक्ताचा एक शिंतोडा न उडवता पोटात गोळा येतो. जेसला (आणि आपल्याला) पहिल्यांदा तिथे कळतं की ही दुसरी किंवा तिसरी फेरी नाहीये, हिने हे कितीतरी वेळा केलंय.

अजून एक, बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. सुरुवातीला यॉटच्या रेडिओवर मदत मागणाऱ्या एका बाईचा तुटक आवाज येतो आणि ग्रेग कोस्टगार्डला कळवायची धडपड करतो, तो आवाज सॅलीचाच. म्हणजे ती स्वतःच्याच यॉटवर बसून स्वतःचाच मरतानाचा कॉल ऐकतेय. दुसऱ्यांदा बघताना तिथे काटा येतो.

प्रश्न : माझ्या नातवाने मला हा सिनेमा बळंच दाखवला. मला एवढंच विचारायचंय, ती बाई मुळात परत त्या बोटीत जाते कशाला? घरी बसायचं ना! (एक आजी, चिपळूण)

आजी, नमस्कार. एवढ्या पत्रांत नेमक्या जागी बोट तुम्हीच ठेवलंत.

तिसरी जेस समुद्रात पडते, वाहत किनाऱ्याला लागते, घरी पोचते तर सकाळ तीच. खिडकीतून बघते तर आत अजून एक जेस पोरावर खेकसतेय, मारतेय, रंग सांडला म्हणून. सुरुवातीला आपण जिला पोराला कुशीत घेऊन 'वाईट स्वप्न पडलं रे' म्हणताना पाहिलेलं असतं ती ही नव्हेच! घरातलीला बाहेरची हातोडीने मारते, डिकीत घालते आणि मग पोराला जवळ घेते. सुरुवातीला दाराची बेल वाजते आणि बाहेर कुणीच नसतं ना, ती बेल पण हिनेच वाजवलेली. मग पोराला घेऊन निघते, गाडीवर सीगल आपटतो, ती तो उचलून कडेला फेकायला जाते तर तिथे आधीच मेलेल्या सीगलचा खच. आणि पुढे अपघात. पोरगा जातो.

गर्दीत उभी राहून ती बघत असते तेव्हा एक टॅक्सीवाला शेजारी येतो, म्हणतो आता पोराला वाचवायचा प्रयत्न करण्यात अर्थ नाही, तुम्हाला कुठे सोडू का. आणि ती सांगते, बंदरावर सोडा. म्हणजे इथे तिला कुणी ढकललेलं नाही. वादळ नाही, जहाज नाही, भूत नाही. तिला वाटतं परत एकदा गेले, परत एकदा आले तर सकाळ परत मिळेल आणि पोरगं जिवंत असेल. ये रे माझ्या मागल्या.

आपल्याकडे रात्री माळावर वाट चुकून माणूस फिरून फिरून त्याच बाभळीपाशी येतो, त्याला चकवा लागला म्हणतात. तुम्हाला माहीत असेल, जुनी माणसं सांगायची की चकवा लागला तर चालू नको, आहेस तिथे खाली बस, उजाडेपर्यंत. ही बाई बसतच नाही आजी. पोर गेलं म्हणून तिथेच रस्त्यावर बसून रडली असती तर माझ्या मते पिक्चर तिथे संपला असता.

प्रश्न : अपघातात रस्त्यावर जेसची बॉडी दिसते, मग टॅक्सीत बसते ती कोण? भूत? (एक वाचक, सोलापूर)

रस्त्यावरची म्हणजे डिकीतली. बसते ती हातोडी मारणारी. ती पण मेलेलीच आहे असं मानणारे आहेत आणि टॅक्सीवाला म्हणजे साक्षात मृत्यू असंही. दुसरं मला पटतं, पहिलं नाही. मेलेल्या माणसाला एवढी घाई नसते.

प्रश्न : जहाजाचं नाव एओलस. त्याचा काही अर्थ? आणि हे बर्म्युडा ट्रँगलवर आहे का? (शिक्षिका, कोल्हापूर)

बर्म्युडाचा नाद सोडा मॅडम, ट्रँगल हे त्यातल्या यॉटचं नाव. एओलसचा अर्थ मात्र आहे, आणि तो सिनेमातच सांगितलाय: वाऱ्याचा देव आणि सिसिफसचा बाप. ग्रीक पुराणात हे दोन वेगवेगळे एओलस आहेत, नावसाधर्म्यामुळे त्यांची सरमिसळ होत आली, दिग्दर्शक ख्रिस्तोफर स्मिथने पण ती तशीच वापरलीय आणि मला वाटतं बरंच केलं. सिसिफस डोंगरावर धोंडा ढकलतो आणि तो परत खाली येतो एवढं सगळ्यांना माहीत असतं, पण शिक्षा कशाबद्दल ते विसरतात. त्याने मृत्यूला फसवलं. बायकोने माझे अंत्यसंस्कार नीट केले नाहीत, तिला जरा झापून येतो असं सांगून पाताळातून वर आला आणि परत गेलाच नाही.

आता टॅक्सीचा सीन आठवा. टॅक्सीवाला म्हणतो मीटर चालू ठेवतो, परत येणार ना? ती म्हणते, हो, प्रॉमिस. आणि यॉटवर चढते. चढताना ग्रेगला मिठी मारून सॉरी म्हणते, म्हणजे तेव्हा तिला सगळं आठवतंय! मग आत जाऊन झोपते आणि उठते ती सगळं विसरूनच.

प्रश्न : मी मर्चंट नेव्हीत आहे. एवढं मोठं जहाज माणसांशिवाय असं कसं येईल? काहीही दाखवतात. (एक वाचक, रत्नागिरी)

तुमच्यापुढे आम्ही काय बोलणार साहेब. पण रिकामी जहाजं सापडलीयत की. १८७२ च्या डिसेंबरमध्ये मेरी सेलेस्ट अझोर्स बेटं आणि पोर्तुगालच्या मधे सापडलं, शिडाचं जहाज, माल जागेवर, लाइफबोट गायब, आणि कॅप्टन, त्याची बायको, लहान मुलगी धरून दहा जणांपैकी कुणाचाही पत्ता नाही. अर्थात ते वाऱ्यावर भरकटत होतं आणि एओलस सरळ यांच्याच दिशेने येतं, तिथे तुमचा मुद्दा मान्य. आणि शूटिंग फ्लोरिडात नाही, ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडला झालंय, तेव्हा समुद्राचा रंग वेगळा वाटला असेल तर तुमची नजर बरोबर आहे.

प्रश्न : काका, त्या टॅक्सीचं मीटर किती झालं असेल? (इयत्ता आठवी, ठाणे)

आधी सांग, आठवीत हा सिनेमा तुला कुणी बघू दिला?

पण प्रश्न भारी आहे. हिशोबाने बघ, लॉकेटं साठतात, सॅली साठतात, जमिनीवर सीगलसुद्धा साठतात. म्हणजे प्रत्येक फेरीची टॅक्सी पण बंदरावर साठायला हवी, मीटर चालू ठेवून, एकामागे एक, पार हायवेपर्यंत रांग. तुझं पत्र वाचून काल रात्री तेवढा सीन परत लावला. एकच टॅक्सी आहे रे, आणि त्या माणसाला काडीची घाई नाही.