बॉडी बदलल्यावर मोटार तापते? वाइंडिंगआधी फिट बघा

तुमचा प्रश्न असा: वेदगंगेच्या काठावरची पाच एचपी मोनोब्लॉक (मोटार आणि पंप एकाच बॉडीतला), बॉडीला चीर गेली म्हणून नवी ओतून घेतली, बेळगावच्या उद्यमबागेत बोअर केली (आतून कातून घेतली) आणि स्टेटर, म्हणजे वाइंडिंग असलेला मोटारीचा स्थिर भाग, प्रेसवर दाबून बसवला. वाइंडिंग जुनंच, तिन्ही फेजचा रेझिस्टन्स सारखा, बेअरिंग नवं, रोटर घासत नाही. तरी नो-लोड (भार नसतानाचे) अँपियर वाढले, बॉडी सगळीकडून सारखीच तापते आणि वाइंडर म्हणतो वाइंडिंग पुन्हा भरा.

इतक्यात भरू नका. माझा संशय फिटवर, म्हणजे स्टेटर बॉडीत किती घट्ट बसलाय त्यावर आहे.

बोअर लहान पडली की बॉडी स्टेटरला चहूबाजूंनी आवळते, आणि हा दाब कोअरच्या (स्टेटरच्या पोलादी पत्र्यांच्या गठ्ठ्याच्या) पाठीत, म्हणजे खाचांमागच्या कड्यात, नेमका फ्लक्सच्याच (चुंबकीय प्रवाहाच्या) दिशेनं पडतो. सिलिकॉन स्टील चुंबकित होताना त्या दिशेला किंचित लांबतं. तिथंच दाब असला की आतले डोमेन (चुंबकत्वाचे बारीक भाग) आडवे वळतात आणि प्रत्येक सायकलला त्यांना सरळ करायला जास्त ऊर्जा जाते. म्हणजे हिस्टेरिसिस लॉस वाढतो. पर्मिएबिलिटी (चुंबकित होण्याची सोय) घटते म्हणून मॅग्नेटायझिंग करंटही, म्हणजे कोअर चुंबकित करणारा करंटही वाढतो. उलट थोड्या ताणानं फारसं नुकसान होत नाही. घात करतो तो दाब.

किती दाब? 150 मिमी व्यासावर 0.1 मिमी इंटरफेरन्स (बोअर स्टेटरपेक्षा तेवढी लहान) धरा. कोअरची पाठ 20 मिमी आणि ओतीव बॉडी 10 मिमी जाड असेल तर ढोबळ हिशोबानं कोअरमध्ये 30 मेगापास्कलच्या आसपास दाब येतो. स्टॅम्पिंग (कोअरचे पत्रे) वाकायला याच्या कितीतरी पट लागतो, म्हणून डोळ्याला काहीच दिसत नाही. वॉटमीटरला मात्र दिसतं. आपल्याकडे कर्नाटकात दहा एचपीपर्यंतच्या शेतीपंपाला बिल नाही, त्यामुळे वॉट कोणी मोजतच नाही. पण हेच वॉट उष्णता होऊन वाइंडिंगचं इन्सुलेशन खातात.

खात्री अशी करा. स्टेटर बाहेर काढा, वाइंडिंगची टोकं मोकळी ठेवा. स्टेटरच्या मधल्या पोकळीतून केबलचे वेढे घाला. पाठीची उंची 20 मिमी, कोअरची लांबी 100 मिमी असेल तर 1.3 टेस्लाला 50 हर्ट्झवर दर वेढ्याला साधारण 0.55 व्होल्ट लागतात; व्हेरिॲकनं (व्होल्टेज कमी-जास्त करणाऱ्या ट्रान्सफॉर्मरनं) तेवढे द्या आणि वॉट बघा. हाताला एखादाच ठिपका कडक लागला तर स्टॅम्पिंग आपसात चिकटलेत, तो वेगळा आजार. कोअर सगळीकडे सारखा कोमट आणि वॉट प्रति किलो त्या पोलादाच्या ग्रेडला शोभेल असे आले, तर कोअर निर्दोष. मग दोष त्याला आवळणाऱ्या बॉडीचा.

वाइंडिंग काढायचंच ठरलं तर गॅसच्या टॉर्चनं जाळू देऊ नका, ही कळकळीची विनंती. पत्र्यांवरचं इन्सुलेशनचं कोटिंग जळतं आणि गरम-थंड भागांमुळे नवा ताण पक्का बसतो. भट्टीत जाळायचं, कोअरचं तापमान 360-370 अंशांच्या वर जाऊ न देता. पत्रे कापताना (पंचिंग) आलेला ताण घालवणारं ॲनीलिंग, म्हणजे तापवून हळू थंड करणं, 750 अंशांच्या आसपास नायट्रोजनमध्ये होतं. ते कारखान्याचं काम, वर्कशॉपचं नाही.

तुमच्या मोटारीला एवढं पुरे: बॉडीची बोअर थोडी मोकळी करून घ्या, हलक्या फिटवर बसवा आणि कोअर फिरू नये म्हणून बॉडीतून ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा स्क्रू) द्या, पण बेतानंच आवळा. नंतरचे नो-लोड अँपियर आणि वॉट दोन्ही इथं लिहा.