अंगठ्याला कंप कळत नाही; फिरणे बंद करावे का?

प्रश्न : माझ्या सासूबाई 74 वर्षांच्या असून त्यांना बरीच वर्षे मधुमेह आहे. त्या अजून कधी पडलेल्या नाहीत. मात्र तोंडाला साबण लावून डोळे मिटले की बेसिनची कड घट्ट धरतात. सोसायटीतील शिबिरात त्यांच्या पायाच्या अंगठ्यावर कंप पावणारा धातूचा काटा टेकवला, तेव्हा त्यांना कंप कळला नाही आणि कागदावर 'पडण्याचा धोका' असा शेरा आला. त्यांचे संध्याकाळी तलावपाळीला फिरायला जाणे बंद करावे का?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : कृपया बंद करू नका. घरात बसून राहिल्याने मांड्यांची ताकद कमी होते आणि पडण्याचा धोका उलट वाढतो.

बेसिनची जी गोष्ट आपण लिहिली आहे, ती फार मोलाची आहे. आपला तोल डोळे, अंतर्कर्ण आणि तळपाय व सांध्यांतून येणारी संवेदना या तिघांच्या आधारावर सांभाळला जातो. दीर्घकाळच्या मधुमेहात पायांच्या नसा मंदावतात, मग ती उणीव डोळे भरून काढतात. म्हणूनच डोळे मिटताच किंवा अंधारात पाय डळमळतात. पाय जुळवून, डोळे मिटवून उभे करण्याची रॉम्बर्ग चाचणी नेमके हेच पाहते. ती घरी करून पाहू नका.

शिबिरातील काटा म्हणजे ट्यूनिंग फोर्क. पायासाठी बहुधा 128 हर्ट्झचा वापरतात. अंगठ्याला कंप कळला नाही, तर तो घोट्यावर आणि मग गुडघ्यावर ठेवून संवेदना कुठवर शाबूत आहे ते पाहायला हवे. गर्दीच्या शिबिरात हे बहुतेक वेळा राहून जाते. त्याच्या जोडीला 10 ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू, म्हणजे मोनोफिलामेंट, तळव्याला टेकवून स्पर्श कळतो का, आणि डोळे मिटलेले असताना अंगठा वर नेला की खाली हे ओळखता येते का, तेही तपासावे.

तथापि कंपाची जाणीव वयानेही बोथट होते, त्यामुळे केवळ एका चाचणीवरून असा शेरा मारणे मला पटत नाही. खुर्चीतून उठून 3 मीटर चालणे, वळून परत येणे आणि बसणे याला 12 सेकंद किंवा अधिक लागत असतील, तर तपास पुढे न्यावा. आडवे असताना आणि उभे राहिल्यावर 3 मिनिटांच्या आत रक्तदाब मोजून घ्यावा; वरचा आकडा 20 किंवा त्याहून अधिक उतरत असेल, तर औषधांचा फेरविचार करावा लागतो. त्या मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध घेत असतील, तर बी-12 ची रक्ततपासणी अवश्य करून घ्या, कारण या जीवनसत्त्वाच्या कमतरतेनेही नसा बिघडतात आणि ती वेळीच भरून काढता येते.

तलावपाळीला उजेड असतानाच, मागून बंद व पातळ, टणक तळाच्या चपला घालून, कुणाच्या तरी सोबतीने त्यांनी जावे. न्हाणीघरात बेसिनशेजारी भिंतीला पक्का दांडा बसवून घ्या, कारण बेसिन माणसाचे वजन पेलण्यासाठी बसवलेले नसते. तोल सुधारण्याचे व्यायाम मात्र सुरुवातीला फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालीच करावेत.