सवलत दुकानाने दिली, वजावट पुरवठादाराच्या बिलातून

प्रश्न : इंदूरला सांवेर रोडवर माझा भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला तयार करण्याचा छोटा कारखाना आहे. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) 2020 ची आहे. 2022 पासून मी किराणा दुकानांच्या एका साखळीला 60 दिवसांच्या उधारीवर माल देते. गेल्या दिवाळीत त्यांनी लावलेली ‘एकावर एक मोफत’ योजना फसली आणि आता एकेक दुकान बंद होत आहे. माझे येणे 14 लाख 60 हजार आहे. त्यातून योजनेचा खर्च आणि दर्शनी फळीचे भाडे म्हणून त्यांनी 3 लाख 20 हजारांच्या डेबिट नोटा (वजावटीच्या चिठ्ठ्या) लावल्या. ‘हिशेब पूर्ण मिटला’ या कागदावर सही केल्यास 4 लाखांचा चेक लगेच देऊ, असे ते म्हणतात. सही करावी का?

उत्तर : ताई, त्या कागदावर सही करू नये, चेक मात्र नाकारू नये. आधी त्यांचेच गणित पाहा. डेबिट नोटा जशाच्या तशा मान्य केल्या तरी 11 लाख 40 हजार उरतात. म्हणजे तो कागद डेबिट नोटांबरोबर आणखी 7 लाख 40 हजार गुपचूप सोडवून घेतो. भारतीय करार कायद्याच्या कलम 63 प्रमाणे येणेकऱ्याने कमी रकमेवर समाधान मानल्याचे लिहून दिले, की उरलेली मागणी संपते, आणि दबावाखाली सही केली हे नंतर सिद्ध करणे फार अवघड जाते. म्हणून ‘खात्यावर अंशतः जमा, बाकी मागणी कायम’ असे पोहोचेवर लिहूनच चेक घ्यावा. त्यांनी तो त्या अटीवर दिला नाही, तर त्यांना खरोखर काय हवे होते ते आपल्याला कळेल.

डेबिट नोटांबाबत मुख्य प्रश्न एवढाच, की योजनेचा खर्च आपण सोसावा असे करारात किंवा आपल्या सहीच्या पत्रात कुठे लिहिले आहे काय? नसेल, तर गिऱ्हाइकाला किती सूट द्यायची हा दुकानदाराचा धंद्याचा निर्णय होता आणि तो फसल्याचा भार पुरवठादाराने उचलण्याचे कारण नाही. ‘मोफत’ दिलेले भाजणीचे पाकीटसुद्धा आपल्या बिलावर ठरलेल्या दरानेच गेले होते. माल पोहोचल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याप्रमाणे तो स्वीकारला असे धरले जाते. महिन्यांनंतर कापलेली डेबिट नोट ही मालावरची हरकत होत नाही. तरीही गप्प बसू नका. प्रत्येक डेबिट नोटेचा क्रमांक व तारीख घालून ती अमान्य असल्याचे याच आठवड्यात ईमेल आणि रजिस्टर्ड पोस्टाने कळवा. आपली शांतता पुढे संमती म्हणून दाखवली जाते.

आपण माल स्वतः तयार करता, हे आपल्या फार उपयोगाचे आहे. उद्यम नोंदणी असली तरी निव्वळ व्यापाऱ्याला विलंबित देयकांचे, म्हणजे उशिरा चुकत्या होणाऱ्या बिलांबाबतचे, संरक्षण मिळत नाही. इंदूरच्या सियागंजातल्या कित्येक घाऊक व्यापाऱ्यांचा याबाबत गैरसमज असतो. आपली नोंदणी पहिल्या पुरवठ्यापूर्वीची असल्याने ‘नोंदणी नंतर केली’ हाही आक्षेप उरत नाही. याच 2006 च्या कायद्याच्या कलम 15 प्रमाणे करारात काहीही लिहिले असले तरी उधारी 45 दिवसांहून जास्त असू शकत नाही, आणि कलम 16 खाली रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिनेवारी चक्रवाढीने व्याज मिळते. खरेदीदाराचे मुख्य कार्यालय कुठेही असो, कलम 18 खाली अर्ज पुरवठादाराच्या राज्यातील सुविधा परिषदेपुढे (अशा थकबाकीचे वाद सोडवणाऱ्या मंडळापुढे) करता येतो. निवाडा आपल्या बाजूने लागला तर त्याला आव्हान देताना खरेदीदाराला आधी 75 टक्के रक्कम भरावी लागते.

मात्र हा अर्ज लांबवू नये. दिवाळखोरी संहितेखाली आपण स्वतः कंपनीविरुद्ध जाऊ शकत नाही, कारण 24 मार्च 2020 पासून त्यासाठी किमान 1 कोटींची थकबाकी लागते, आणि मालपुरवठादारांनी एकत्र येऊन ती भरून काढण्याची सोय नाही. बँक मात्र जाऊ शकते. बिग बाजारची दुकाने चालवणाऱ्या फ्यूचर रिटेलविरुद्ध बँक ऑफ इंडियाच्या अर्जावर मुंबईच्या कंपनी कायदा न्यायाधिकरणाने 20 जुलै 2022 रोजी दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू केली आणि जुलै 2024 मध्ये कंपनी अवसायनात (मालमत्ता विकून कंपनी गुंडाळण्यात) गेली. अशी प्रक्रिया सुरू करण्याचा आदेश निघाला की संहितेच्या कलम 14 ची स्थगिती लागते, परिषदेपुढचे प्रकरणही थांबते, आणि आपल्याला जाहीर सूचनेतील मुदतीत दाव्याचा नमुना ‘बी’ भरून रांगेत उभे राहावे लागते. त्या रांगेत तारणधारक बँका आणि कामगार पुढे असतात. पुरवठादार बराच मागे.

मालाबाबत एक बारकावा आहे. आपल्या बिलावर ‘विक्री किंवा परत’ असे असेल, तर माल विक्री कायद्याच्या कलम 24 प्रमाणे न विकलेली पाकिटे अजून आपली असू शकतात. परंतु आपण प्रत्येक खेपेला कर-बीजक काढले असेल आणि परतीची अट फक्त मुदत संपलेल्या मालापुरती असेल, तर तो सरळ सौदा ठरेल आणि पाकिटे साखळीची. म्हणून दोन-तीन जुनी बिले व करारातील परतीची अट आधी वकिलाला दाखवा. माल आपलाच निघाला, तर बंद होणाऱ्या दुकानांतून तो मोजून, बॅच क्रमांकासह लेखी पावतीवर परत घ्या. आपल्या माणसाने रात्री टेम्पो भरून आणलेल्या मालावर उद्या चोरीची तक्रार होऊ शकते.

खरेदी व्यवस्थापकाकडून आज मागावे असे एकच आहे : 31 मार्चपर्यंतच्या बाकीची सही-शिक्क्याची खातेपुष्टी. मुदत कायद्याच्या कलम 18 खाली अशा लेखी कबुलीने दावा लावण्याची तीन वर्षांची मुदत नव्याने सुरू होते. त्या कागदावर डेबिट नोटा वेगळ्या दाखवल्या असल्या तरी चालेल. फक्त आपल्या सहीखाली ‘डेबिट नोटा अमान्य’ हे तीन शब्द आपल्या अक्षरात हवेत.