पणजीची नथ ‘आनुवंशिक’ का नाही?

सहावीतल्या एका मुलीने निबंधात लिहिलं, ‘ही नथ आम्हाला पणजीकडून आनुवंशिक मिळाली.’ बाईंनी ‘आनुवंशिक’ खोडून वर ‘वडिलोपार्जित’ लिहिलं. मुलगी घरी येऊन आईला म्हणाली, ‘नथ तुझ्या आजीची. मग यात वडील कुठून आले?’ आईने तो प्रश्न माझ्याकडे पाठवला. बाईंनी खोडलं ते बरोबरच आहे, पण मुलीची शंकाही रास्त आहे.

‘वडिलोपार्जित’ म्हणजे वडील अधिक उपार्जित. उपार्जित म्हणजे कमावलेलं, मिळवलेलं. यातले ‘वडील’ म्हणजे फक्त बाबा नव्हेत. ‘वडीलधारी मंडळी’, ‘वडील भाऊ’, ‘वडील बहीण’ म्हणताना जो अर्थ असतो, तोच इथे आहे: आपल्याहून मोठे. म्हणजे शब्दाच्या अर्थाने पणजीही त्यात बसते. पण आज ‘वडील’ म्हटलं की आधी बाबाच डोळ्यांपुढे येतात, आणि हा शब्द बहुतेक वेळा शेतजमीन, वाडा, सातबारा यांच्याच सोबतीने कानावर पडतो. कोर्टात तर तो आणखी आवळला जातो. बाबांनी स्वतःच्या पगारातून घेतलेला फ्लॅट कायद्याच्या भाषेत वडिलोपार्जित नसतो, स्वकष्टार्जित असतो. म्हणून नथीसाठी मी हा शब्द वापरणार नाही. ‘पणजीपासून चालत आलेली नथ’ असं लिहीन. डबा उघडून, फडक्यात गुंडाळलेली नथ तळहातावर ठेवताना घरातल्या बायका असंच सांगतात.

‘आनुवंशिक’ मात्र कमावलेल्या गोष्टीला लागत नाही. ते वंशातून थेट अंगात उतरतं: डोळ्यांचा रंग, लवकर पडणारं टक्कल, सिकलसेलसारखा आजार. त्यामुळे ‘आनुवंशिक नथ’ जितकी खटकते, तितकाच ‘वडिलोपार्जित मधुमेह’ही. मधुमेह कुणी कमावून ठेवलेला नसतो. बोलताना आपण सरळ ‘आमच्याकडे शुगर आहे’ म्हणतो आणि ते सगळ्यांना कळतं.

या शब्दाच्या लेखनाबद्दल मला कळकळीने सांगायचंय. दवाखान्यांतल्या फलकांवर सर्रास ‘अनुवांशिक’ दिसतं. मूळ शब्द अनुवंश. त्याला ‘इक’ लागला की पहिल्या स्वराची वृद्धी होते, मधल्याची नाही. अनुषंगाचं आनुषंगिक होतं, तसं अनुवंशाचं आनुवंशिक. काना ‘अ’ला द्यायचा, ‘व’ला नाही.

‘जन्मजात’ आणखी वेगळा. गरोदरपणात आईला रुबेला झाला तर बाळ जन्मतः बहिरं असू शकतं. तो दोष जन्मजात आहे, पण आनुवंशिक नाही. उलट काही आनुवंशिक आजार चाळिशीपर्यंत दिसतही नाहीत.

हे झाले पुस्तकी शब्द. मला त्यांच्याहून आपलं क्रियापद जास्त आवडतं. वस्तू आपल्याकडे ‘चालत येते’, जमीन ‘वाट्याला येते’, पण रूप आणि स्वभावाच्या बाबतीत माणूसच पूर्वजावर ‘जातो’. ‘नाकाडोळ्यांनी आजीवर गेलीय’, ‘रागात थेट आजोबांवर गेलाय’. बारशाला पाळण्याभोवती जमलेल्या बायका पाच मिनिटांत त्या बाळाचं नाक, हनुवटी, कपाळ दोन्ही घराण्यांत वाटून टाकतात. ‘भाचा मामावर गेला’ हे तर आपण कितीदा म्हणतो! लाल-हिरव्या रंगांधळेपणाच्या बाबतीत ते अनेकदा शब्दशः खरं ठरतं. तो दोष मुलाला आईकडून येतो, आईला स्वतःला तो बहुधा नसतो, पण तिच्या भावाला असू शकतो.

आणि कुणाला गाणं घरातूनच मिळालं असेल तर त्याला आनुवंशिक म्हणण्याची घाई करू नये. तिथे आपल्याकडे ‘बाळकडू’ आहे. वेखंड, हिरडा, मुरडशेंग सहाणेवर उगाळून, मोजके वेढे घेऊन आजी बाळाला चाटवते, ते कडू औषध. ते रक्तातून येत नाही. कुणीतरी रोज बसून उगाळावं लागतं.