लोणारच्या मुलाखतीआधी

प्रिय मित्रा,

लोणारच्या विवरावर भूवैज्ञानिकांची मुलाखत घेतोयस, फार बरं वाटलं. प्रश्नांची यादी वाचली. विवर केवढं, कुठल्या जिल्ह्यात, पहिली नोंद कोणाची, हे सुरुवातीचे प्रश्न काढून टाक. ते वाचूनच जायचं असतं. त्यात वेळ गेला की समोरचा माणूसही पाठ केल्यासारखं बोलू लागतो.

सुरुवात मतभेदापासून कर. विवराचं वय औष्मिक दीप्ती पद्धतीने (तापवलेल्या नमुन्यातून निघणाऱ्या प्रकाशावरून) सुमारे ५२ हजार वर्षं आलं, आर्गॉन पद्धतीने (दगडात साठलेल्या आर्गॉन वायूवरून) सुमारे ५ लाख ७० हजार. विचार, की दोन्ही पद्धती नेमकं काय मोजतात? उत्तर पूर्ण होऊ दे, मगच पुढचं: तुमचं मत कुठे झुकतं, आणि काय सापडलं तर ते बदलेल? एका दमात तीन प्रश्न विचारलेस तर सर्वांत सोप्याचं उत्तर मिळेल, बाकीचे वाहून जातील. आणि उत्तर संपलंसं वाटलं तरी चार सेकंद गप्प बस. खरं बोलणं पुष्कळदा त्यानंतर येतं.

मग थिन सेक्शन दाखवायची विनंती कर. ही ०.०३ मिलिमीटर जाडीची, काचपट्टीवर चिकटवलेली दगडाची चकती. सूक्ष्मदर्शकात क्रॉस्ड पोलरखाली, म्हणजे प्रकाश गाळणाऱ्या काटकोनात ठेवलेल्या दोन पट्ट्यांमध्ये, ती फिरवली की बेसॉल्टमधलं प्लॅजिओक्लेज हे खनिज आळीपाळीने उजळतं आणि काळवंडतं. त्याच खनिजाची काच झालेलं मास्केलिनाइट मात्र कसंही फिरवा, काळंच राहतं, कारण आघाताच्या दाबाने त्याची स्फटिकरचना मोडलेली असते. १९७३ साली लोणार हे आघातविवर, म्हणजे उल्का आदळून झालेलं विवर, असल्याचं मांडलं गेलं, त्यात हा मोठा पुरावा होता. तो डोळ्यांनी पाहायला मिळणं ही केवढी गोष्ट आहे! पण रेकॉर्डिंगमध्ये नुसतं "हे बघा, इथे" एवढंच उरतं. म्हणून काय दिसतंय ते तू मोठ्याने बोल, चुकलं तर ते दुरुस्त करतील.

विष्णूने इथे लवणासुर दैत्याला मारल्याची कथा म्हणजे उल्कापाताची आठवण का, हा प्रश्न मात्र त्यांना नको. होकार तोंडात घालणारा प्रश्न आहे तो, भिडेखातर मान डोलावली जाते. कथेसाठी पुराणांच्या अभ्यासकाकडे जा. ती कोणत्या ग्रंथात, कोणत्या रूपात येते ते विचार. लोणारमधल्या दैत्यसूदनाच्या (विष्णूच्या) देवळाजवळ राहणारे ती कशी सांगतात, तेही ऐक.

माइक तोंडापासून वीतभर, पंखा बंद, दुसरं यंत्र सोबत चालू. आधी अर्धा मिनिट रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐक. तासाभराचं बोलणं उतरवायला चार-पाच तास लागतात, तेवढे हाताशी ठेव.

प्रकाशनापूर्वी आकडे आणि संज्ञा त्यांना दाखव, अख्खा मजकूर नको. बोललेली वाक्यं सुधारून देण्याचा मोह भल्याभल्यांना होतो आणि बोलीतला जिवंतपणा जातो. वयाचे आकडे अक्षरातही लिहून पाठव, लाख-हजारांत एक शून्य सहज सुटतं.

पुढची यादी तयार झाली की धाड.