भाचीला सायन्स फिक्शनची गोडी कशी लावू?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी पुण्यात आयटीत आहे, लहानपणापासून सायन्स फिक्शन, टेलिस्कोप, इलेक्ट्रॉनिक्स या सगळ्याचं वेड. माझी भाची नऊ वर्षांची, नाशिकला असते, सुट्टीत भेटते आणि प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडते, त्यामुळे मला वाटलं ही आपल्याच पंथातली. दिवाळीत मोठ्या हौसेने तिला माझा आवडता परग्रहवासीयांचा सिनेमा दाखवला. त्यात बाबा गायब होतात तिथे ती रडायलाच लागली, चार रात्री आईला चिकटून झोपली आणि बहिणीने मला चांगलंच सुनावलं. मेमध्ये आठ दिवस त्यांच्याकडे जाणार आहे. रोबोटचं किट नेऊ का? काय वाचायला देऊ? की अजून दोन-तीन वर्षं थांबू? – एक मामा, पुणे

उत्तर : थांबू नका हो! नऊ वर्षांची, प्रश्न विचारणारी मुलगी आणि वेळ द्यायला तयार असलेला मामा, हे जमून येणं किती छान आहे. फक्त आपल्याला चौदाव्या वर्षी जे आवडलं ते तिला नवव्या वर्षी द्यायची घाई झाली, एवढंच. आणि नीट बघितलंत तर ती परग्रहवासीयांना घाबरली नाही, बाबा गायब झाले म्हणून घाबरली. या वयात हिरव्या डोळ्यांचा राक्षस एकवेळ चालतो पण आईबाबा हरवणं सहन होत नाही, म्हणून सिनेमा निवडताना आधी ते बघा. आता सिनेमांना यूए 7+, 13+, 16+ असे वेगळे शिक्के येतात, त्याचा उपयोग होतो, पण शिक्क्यावर सगळं सोपवू नका, आधी स्वतः एकदा पूर्ण बघा, दिवसाउजेडी लावा आणि रिमोट तिच्या हातात द्या. बहिणीला आधी विचारा हे वेगळं सांगायला नको.

पण मी तर सिनेमापासून सुरुवातच करणार नाही, गोष्टीपासून करीन, आणि तीही पुस्तक हातात देऊन नाही, वाचून दाखवून. जयंत नारळीकरांची 'उजव्या सोंडेचा गणपती' घ्या. थोडी मोठ्यांची आहे, म्हणून अवघड भाग तुमच्या शब्दांत सांगा. त्यात डावं-उजवं उलटं होतं, आणि त्यामागे मोबियसची पट्टी आहे, म्हणजे 1858 साली जर्मन गणितज्ञ मोबियसने मांडलेली एक साधी कागदी गंमत. गोष्ट थांबवून तिथेच ती करायला बसा. वर्तमानपत्राची दोन बोटं रुंद लांब पट्टी कापा, एका टोकाला अर्धा पीळ द्या आणि दोन्ही टोकं चिकटवा. आता तिला मधोमध पेन्सिलीने रेघ ओढायला सांगा, पेन्सिल उचलायची नाही. रेघ फिरून पुन्हा सुरुवातीला येते तेव्हा कागदाच्या 'दोन्ही' बाजूंवर उमटलेली असते, कारण बाजू मुळात एकच! मग विचारा, या रेघेवरून कापलं तर किती तुकडे होतील? माझी पुतणी ठामपणे दोन म्हणाली होती. कापत गेली, शेवटची टिचकी मारली, आणि हातात एकच लांबलचक पट्टी आली, ती दोन मिनिटं नुसती धरून बसली, मग म्हणाली अजून एक कर. दुसऱ्या पट्टीला कडेपासून एक तृतीयांशावर कापा, यावेळी एक लहान आणि एक मोठी अशा दोन पट्ट्या एकमेकींत अडकून निघतात. का ते लगेच सांगू नका, तिला डोकं खाजवू दे.

आणि हो, नारळीकरांचीच एक खरी हकीकतही सांगा. 1974 साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने, म्हणजे ज. वि. ना. उलटं करून ना. वि. ज.! अक्षर ओळखू नये म्हणून कथा पत्नीकडून लिहून घेतली, आणि पहिलं बक्षीस मिळालं. स्वतःच्या नावाची आद्याक्षरं उलटी करून तीही एक टोपणनाव शोधेल बघा. बाकी भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न दोनेक वर्षांनी. तेव्हा तिला सांगा की त्याच्या गोष्टीतला, पाणबुडीतला तो कॅप्टन निमो पुढच्या एका कादंबरीत बुंदेलखंडचा राजपुत्र निघतो, 1857 च्या उठावात लढलेला. आपल्या मुलांना हे कळलं की ते पुस्तक एकदम जवळचं वाटतं, माझा अनुभव आहे.

किट आत्ता नको. महागडं असतं, पुस्तिकेत दिलं तसं जोडलं की संपलं, आणि एखादा स्क्रू हरवला की सगळंच अडतं. त्यापेक्षा तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून चार रंगांचे एलईडी आणि तीन व्होल्टचे दोन बटण सेल न्या. एलईडीचा लांब पाय सेलच्या अधिक बाजूला, आखूड पाय वजा बाजूला, मधे सेल चिमटीत धरला की लागला दिवा. उलटा धरला तर लागत नाही, आणि का लागत नाही हा प्रश्न ती स्वतःच विचारेल. घरात आणखी लहान मूल असेल तर मात्र सेल मोजून द्या आणि मोजून परत घ्या, गिळला गेला तर फार धोक्याचं असतं.

टेलिस्कोप पण नेऊ नका, मेमध्ये गच्ची पुरते. रात्री साडेआठ-नऊला उत्तरेकडे सप्तर्षी छान वर असतात. शेपटीतला मधला तारा वसिष्ठ, त्याला चिकटून अंधुक अरुंधती, ती दिसते का हे आधी तिला विचारा, तुम्हाला दिसेल की नाही ते नंतर बघू. शेपटीच्या विरुद्ध टोकाच्या दोन ताऱ्यांच्या, म्हणजे पुलह आणि क्रतूच्या रेषेत सरळ गेलात की ध्रुव. नाशिकहून तो क्षितिजापासून साधारण 20 अंशांवर असतो, आणि ध्रुवाची ही उंची म्हणजेच नाशिकचा अक्षांश. हात ताठ करून धरलेली मूठ म्हणजे ढोबळमानाने 10 अंश, तेव्हा मुठीवर मूठ ठेवून तिला मोजू दे. गच्चीवर उभी राहून आपल्या गावाचा अक्षांश स्वतःच्या हातांनी मोजला, असं ती शाळा सुरू झाल्यावर मैत्रिणींना सांगेल.

तुम्ही पुण्याला परतल्यावर रविवारी व्हिडिओ कॉलवर पुढची गोष्ट वाचून दाखवा, दोन-तीन पानंच, आणि ती 'मामा थांबू नको' म्हणेल तिथे थांबा.